कर्नेलच्या बांधणीतील संरचना-दोष : स्वरूप, कारणे आणि दुरुस्ती

संगणकाची कार्यप्रणाली म्हणून आपण जे पाहतो, त्याच्या तळाशी एक गाभा असतो. त्यालाच कर्नेल म्हणतात. स्मृतीचे वाटप, चकतीवरील फायली, जाळ्याशी संपर्क, कळफलक आणि पडदा या सर्वांची देखरेख कर्नेल करतो. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स कर्नेल आज अँड्रॉइड भ्रमणध्वनीपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र वापरला जातो. त्याची मूळ आज्ञावली तीन कोटींहून अधिक ओळींची आहे. मात्र कोणत्याही एका यंत्राला ही सगळी आज्ञावली लागत नाही. म्हणून कर्नेल बांधण्यापूर्वी हवे ते भाग निवडून बाकीचे वगळावे लागतात. या निवडीला संरचना (कॉन्फिगरेशन) म्हणतात आणि निवडलेल्या भागांपासून चालू शकणारा कर्नेल तयार करण्याच्या क्रियेला बांधणी (बिल्ड) म्हणतात.

निवडीतील दोन गोष्टी परस्परांशी जुळत नसतील, तर बांधणी मध्येच थांबते. कधी ती पूर्ण होते, पण यंत्र सुरू होत नाही. कधी यंत्र सुरूही होते. केवळ आपण मागितलेली सुरक्षा त्यात नसते. हा तिसरा प्रकार सर्वांत घातक होय, कारण त्याची सूचना कोणी देत नाही. संरचना-दोषाचा उगम सहसा जिथे बांधणी थांबते तिथे नसतो. तो पर्यायांच्या परस्परसंबंधात असतो आणि त्याची दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

पर्यायांची भाषा

आरंभीच्या काळात एक साधी आज्ञावली वापरणाऱ्याला एकामागून एक प्रश्न विचारीत असे आणि उत्तरांवरून संरचना ठरत असे. पर्याय वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. एरिक रेमंड यांनी पायथॉन भाषेत लिहिलेली 'सीएमएल-२' ही नवी व्यवस्था सुचवली. पण ती स्वीकारली गेली नाही. रोमन झिपेल यांची व्यवस्था मात्र ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तीच आजची 'केकॉन्फिग'. यू-बूट, बिझीबॉक्स, झेफिर अशा इतर प्रकल्पांनीही पुढे तिचा स्वीकार केला. त्यामुळे ती एकदा समजली की अनेक ठिकाणी उपयोगी पडते.

केकॉन्फिगमधील बहुतेक पर्यायांना दोन किंवा तीन उत्तरे संभवतात. 'होय' म्हटल्यास तो भाग कर्नेलमध्येच गुंफला जातो. 'मॉड्यूल' म्हटल्यास तो स्वतंत्र फाइल म्हणून तयार होतो आणि गरज पडेल तेव्हा जोडला जातो. 'नाही' म्हटल्यास त्याचे संकलनच होत नाही. काही पर्यायांना संख्या किंवा अक्षरमालाही द्यावी लागते. अशा पर्यायांची संख्या आज पंधरा हजारांहून अधिक आहे. सर्व उत्तरांची अंतिम यादी 'डॉट-कॉन्फिग' नावाच्या फायलीत साठवली जाते.

पर्यायांना बांधणारे दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत : 'डिपेंड्स ऑन' म्हणजे अवलंबन आणि 'सिलेक्ट' म्हणजे सक्तीची निवड. पुरणपोळीचे उदाहरण घेऊ. पोळी पुरणावर अवलंबून आहे असे लिहिले, तर घरात पुरण असल्याशिवाय पुरणपोळीचे नाव यादीत येणारच नाही. पोळी पुरणाची सक्तीने निवड करते असे लिहिले, तर पोळी मागताच पुरण आपोआप यादीत येईल. पण घरात हरभऱ्याची डाळ आहे की नाही हे कोणी पाहणार नाही. 'सिलेक्ट'चा धोका हाच आहे. तो पर्याय चालू करतो, परंतु त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी तपासत नाही. म्हणूनच ज्यांना स्वतःच्या अटी नाहीत आणि जे वापरणाऱ्याला दिसत नाहीत, अशाच पर्यायांसाठी 'सिलेक्ट' वापरावा, असे कर्नेलचे अधिकृत दस्तऐवज सांगतात.

पुण्याशी जोडलेले एक उदाहरण

या संबंधांचे स्वरूप 'केजीडीबी' या साधनावरून चांगले कळते. चालू कर्नेल मधेच थांबवून, दुसऱ्या संगणकावरून त्याची तपासणी करण्याचे हे साधन आहे. मुख्य लिनक्समध्ये त्याला स्थान नव्हते तेव्हा अनेक वर्षे पुण्याच्या लिनसिससॉफ्ट या संस्थेचे अमित काळे त्याचा सांभाळ करीत होते. हे साधन ठिगळाच्या (पॅच) रूपाने मिळे. ते कर्नेलला लावायचे, संरचनेत चालू करायचे आणि मग बांधणी करायची, असा क्रम असे. २००८ मध्ये जेसन वेसेल यांच्या प्रयत्नांनी केजीडीबी २.६.२६ या आवृत्तीत मुख्य लिनक्सचा भाग झाले. त्याच्या अधिकृत दस्तऐवजात योगदान देणाऱ्यांमध्ये अमित काळे यांचे नाव आजही आढळते.

केजीडीबीचा पर्याय 'हॅव्ह_आर्च_केजीडीबी' या अदृश्य पर्यायावर अवलंबून आहे. ज्या प्रोसेसर-कुळासाठी हे साधन उपलब्ध आहे, ते कुळ हा अदृश्य पर्याय 'सिलेक्ट' करते. येथे 'सिलेक्ट'चा वापर निर्दोष आहे, कारण निवडलेल्या पर्यायाला स्वतःची कोणतीही अट नाही.

पुढची पायरी अधिक बोधप्रद आहे. केजीडीबी चालू केले की सीरियल तारेवरून तपासणी करण्याचा उपपर्याय मूलतः 'होय' होतो. हा उपपर्याय पुढे 'मॅजिक_सिसआरक्यू' या पर्यायाची सक्तीने निवड करतो. कळफलकावरून थेट कर्नेलला आज्ञा देण्याची ही सोय आहे आणि सुरक्षेच्या कारणाने काही व्यवस्थापक ती वगळतात. समजा, एखाद्याने डॉट-कॉन्फिग फाइल उघडून हा पर्याय हाताने बंद केला. पुढच्या बांधणीच्या वेळी केकॉन्फिग ती फाइल पुन्हा तपासेल, सक्तीची निवड पाहील आणि तो पर्याय मुकाट्याने पुन्हा चालू करील. कोणतीही त्रुटी दिसणार नाही. बंद केलेली सोय मात्र यंत्रात चालूच राहील. येथे दुरुस्ती सिसआरक्यूच्या ओळीत नाही, सीरियल तपासणीच्या उपपर्यायात आहे. तो बंद केला की त्याने घातलेली सक्ती उरत नाही.

याच उपपर्यायाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. तो टर्मिनल-व्यवस्था आणि 'एचडब्ल्यू_कन्सोल' या दोहोंवर अवलंबून असल्याचे केकॉन्फिगमध्ये नमूद आहे. याचे कारण असे की, त्याची आज्ञावली 'व्हीसी_कॉन्स' नावाच्या तक्त्याचा आधार घेते आणि तो तक्ता ज्या फायलीत आहे, ती फाइल एचडब्ल्यू_कन्सोल चालू असतानाच संकलित होते. ही अट लिहिलेली नसती, तर कन्सोल वगळणाऱ्या व्यक्तीला बांधणीच्या अगदी शेवटी जोडकाकडून (लिंकर) 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे उल्लेख आहे पण वस्तू नाही, असा संदेश मिळाला असता. केकॉन्फिगमधील अटीच्या एका ओळीमुळे हा प्रसंग टळतो.

त्रुटींचे मुख्य प्रकार

साधनांचा अभाव. बांधणी सुरू होताच ती थांबली, तर बहुधा संरचनेत दोष नसून फ्लेक्स, बायसन, बीसी यांसारखी साधने किंवा ओपनएसएसएल आणि लिबएल्फ यांच्या विकास-फायली यंत्रावर नसतात. संदेशात जी फाइल सापडत नसल्याचे म्हटले आहे, ती पुरवणारे पॅकेज बसवले की काम पुढे सरकते. 'बीटीएफ' माहितीसाठी लागणारे 'पाहोल' हे साधन नसल्यासही बांधणी अडते. ते बसवावे किंवा बीटीएफचा पर्याय बंद करावा.

उसन्या संरचनेचा दोष. उबंटू, डेबियन किंवा सी-डॅकची डेबियनवर आधारलेली 'बॉस' अशा वितरणांतील चालू कर्नेलची संरचना 'बूट' निर्देशिकेत असते. तिची प्रत घेऊन बांधणी करण्याची पद्धत योग्य आहे. पण त्या संरचनेत वितरकाच्या प्रमाणपत्र-फायलींचे पत्ते असू शकतात. उबंटूच्या संरचनेत 'सिस्टिम_ट्रस्टेड_कीज' आणि 'सिस्टिम_रिव्होकेशन_कीज' या दोन अक्षरमाला कॅनॉनिकलच्या प्रमाणपत्रांकडे बोट दाखवतात. ती प्रमाणपत्रे मूळ लिनक्सच्या आज्ञावलीत नसल्यामुळे ती फाइल बनवण्याचा नियमच नाही, असा संदेश येतो. स्वतःच्या वापराच्या कर्नेलसाठी या दोन्ही अक्षरमाला रिकाम्या कराव्यात.

अपुरे अवलंबन. 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' असा इशारा दिसल्यास कोणीतरी 'सिलेक्ट'ने एखादा पर्याय चालू केला असून त्याच्या अटी पूर्ण झालेल्या नाहीत, असे समजावे. बांधणी कदाचित पुढे जाईल, पण इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. निवड कोणी केली आणि कोणती अट अपुरी आहे, या दोन्ही गोष्टी त्याच संदेशात लिहिलेल्या असतात.

चक्रीय अवलंबन. पहिला पर्याय दुसऱ्याची सक्तीने निवड करतो आणि दुसरा पहिल्यावरच अवलंबून असतो, तेव्हा 'रिकर्सिव्ह डिपेंडन्सी डिटेक्टेड' असा संदेश येतो. संदेशात साखळीतील प्रत्येक कडी क्रमाने दिलेली असते. बहुतेक वेळा एखाद्या 'सिलेक्ट'ऐवजी 'डिपेंड्स ऑन' लिहिल्याने किंवा अनावश्यक अट काढल्याने हे चक्र तुटते.

गुंफलेला भाग आणि मॉड्यूल यांचा विसंवाद. कर्नेलमध्ये गुंफलेला भाग मॉड्यूलमधील कार्य थेट वापरू शकत नाही, कारण कर्नेलची जोडणी होते तेव्हा मॉड्यूल त्यात नसते. पहिला पर्याय 'होय' आणि त्याला हवा असलेला दुसरा 'मॉड्यूल' असेल, तर जोडक अडतो. दुसरा भाग असला तर वापरायचा, नसला तरी चालेल, अशी स्थिती असेल तर केकॉन्फिगमध्ये 'दुसरा किंवा दुसरा नाही' अशी अट लिहिण्याचा प्रघात आहे. वरवर पाहता ही अट निरर्थक वाटते. परंतु तीन उत्तरांच्या गणितात 'मॉड्यूल'चा नकार हा 'मॉड्यूल'च असतो. त्यामुळे दुसरा पर्याय मॉड्यूल असताना पहिल्याला 'होय' म्हणता येत नाही. तोही मॉड्यूलच राहतो.

या प्रकाराचे एक नोंदलेले उदाहरण जाळ्याच्या ड्रायव्हरांचे आहे. घड्याळे जुळवणाऱ्या पीटीपी व्यवस्थेसाठी २०१७ मधील ४.१० आवृत्तीत 'इम्प्लाय' हा सौम्य शब्द केकॉन्फिगमध्ये आला. तो पर्याय सुचवतो, सक्ती करत नाही. मात्र त्याने हा विसंवाद रोखला जात नव्हता. अखेर २०२१ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी अनेक ड्रायव्हरांतील 'इम्प्लाय' काढून त्या जागी 'पीटीपी_१५८८_क्लॉक_ऑप्शनल' हे अवलंबन घातले. वर सांगितलेला 'असेल किंवा नसेल' हा नियम त्या एकाच नावात सामावला आहे.

बांधणी यशस्वी, प्रारंभ अयशस्वी. मूळ फाइल-व्यवस्था जोडता आली नाही, अशा आशयाचा संदेश देऊन यंत्र थांबले, तर चकतीचा ड्रायव्हर किंवा फाइल-व्यवस्थेचा भाग वगळला गेलेला असतो. तो मॉड्यूल म्हणून बांधलेला असतो, पण सुरुवातीला लागणारी 'इनिटरॅमएफएस' प्रतिमा बनवलेली नसते, हे दुसरे नेहमीचे कारण. ज्या चकतीवर मॉड्यूल ठेवले आहे, ती उघडण्यासाठी त्याच मॉड्यूलची गरज पडावी, अशी ही कोंडी असते. 'सिक्युअर बूट' चालू असलेल्या यंत्रावर स्वतः बांधलेला आणि स्वाक्षरी नसलेला कर्नेल नाकारला जातो, हेही लक्षात ठेवावे.

दुरुस्तीचा क्रम

१. चालू स्थितीतील जुना कर्नेल काढून टाकू नये. नवा कर्नेल त्याच्या शेजारी बसवावा, म्हणजे अपयश आल्यास प्रारंभ-सूचीतून जुन्याकडे परतता येते.

२. डॉट-कॉन्फिगची प्रत दुसरीकडे ठेवावी. 'मेक एमआरप्रॉपर' या स्वच्छतेच्या आज्ञेने ती फाइल पुसली जाते.

३. पहिली त्रुटी शोधावी. अनेक कामे एकाच वेळी चालवली असता मूळ त्रुटी वर कुठेतरी राहते आणि शेवटी केवळ तिचे परिणाम दिसतात. बांधणीचा सर्व मजकूर फायलीत साठवावा किंवा एका वेळी एकच काम चालवून बांधणी पुन्हा करावी.

४. त्रुटीतील फाइल कोणत्या पर्यायामुळे संकलित होते, हे त्या निर्देशिकेतील मेकफाइलमध्ये पाहावे. जोडकाची त्रुटी असल्यास न सापडलेले नाव कोणत्या फायलीत आहे आणि ती फाइल कोणत्या पर्यायावर अवलंबून आहे, हे शोधावे.

५. 'मेक मेनूकॉन्फिग'मध्ये तिरप्या रेघेची कळ दाबून त्या पर्यायाचा शोध घ्यावा. तो कोणावर अवलंबून आहे, त्याची निवड कोणी केली आणि सध्या त्याचे उत्तर काय आहे, हे तिथे एकत्र दिसते. यादीत पर्याय दिसत नसेल, तर त्याची अट अपुरी आहे. तो बंद करता येत नसेल, तर त्याच्यावर कोणाची तरी सक्ती आहे.

६. बदल मेनूतून किंवा 'स्क्रिप्ट्स' निर्देशिकेतील 'कॉन्फिग' या साधनाने करावा आणि त्यानंतर 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवावे. हे साधन अटी तपासत नाही. ते काम नंतरची आज्ञा करते आणि न जुळणारे पर्याय गाळते.

७. शेवटी 'डिफकॉन्फिग' या साधनाने आधीची आणि नंतरची संरचना ताडून पाहावी. ही पायरी अनेकजण टाळतात. पण मागितलेला सुरक्षा-पर्याय अंतिम यादीत टिकला की अटीअभावी गळून पडला, हे येथेच कळते.

घरातील एकाच संगणकाचे उदाहरण

हे सर्व ज्ञान मोठ्या संस्थांपुरते नाही. सुरतेच्या आग्नेयेस असलेल्या डिंडोलीचा विचार करावा. खानदेशातून रोजगारासाठी आलेल्या कुटुंबांमुळे उधना, लिंबायत आणि डिंडोली या भागांतील अनेक घरांत मराठी बोलली जाते. अशा एखाद्या घरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे एकच जुना, वापरलेला लॅपटॉप आहे असे समजू. कर्नेल-बांधणी शिकायची आहे आणि तोच लॅपटॉप घरातल्या साऱ्या कामांनाही लागणार आहे. गोव्यातील विद्यार्थ्याची स्थितीही याहून फार वेगळी नसते.

वितरकाची संपूर्ण संरचना घेतली, तर हजारो मॉड्यूलांचे संकलन होईल. जुन्या यंत्रावर त्यात कित्येक तास जातील आणि तपास-माहितीमुळे चकतीवरील जागाही संपू शकेल. अशा वेळी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा उपयोगी पडते. २००९ च्या डिसेंबरमधील २.६.३२ आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे. त्या क्षणी यंत्रात जी मॉड्यूले जोडलेली आहेत, तेवढीच ठेवून ती बाकीची वगळते.

सोयीची ही आज्ञा जपून वापरावी लागते, कारण त्या क्षणी न जोडलेले उपकरण तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. पेन ड्राइव्ह, छपाईयंत्र, भ्रमणध्वनीवरून घेतलेले इंटरनेट यांचा आधी एकदा वापर केला नाही, तर त्यांचे ड्रायव्हर गळतील. नवा कर्नेल उत्तम चालेल. पण इंटरनेटसाठी भ्रमणध्वनी जोडताच काहीच घडणार नाही आणि हरवलेला भाग उतरवून घेण्याचा मार्गही बंद झालेला असेल. म्हणून आधी सर्व उपकरणे जोडून वापरावीत, मग आज्ञा चालवावी, तपास-माहितीचा पर्याय बंद करावा आणि इनिटरॅमएफएस तयार झाल्याची खात्री करूनच यंत्र पुन्हा सुरू करावे. जुना कर्नेल शेजारी असल्यास प्रयोग फसला तरी नुकसान केवळ वेळेचे होते.

दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचवणे

स्वतःच्या संरचनेत एक पर्याय बदलून बांधणी पूर्ण करता येते, पण मूळ दोष त्यामुळे जात नाही. नियमांनुसार दिलेली कोणतीही संरचना बांधली गेलीच पाहिजे, असा कर्नेलचा दंडक आहे. केकॉन्फिगने मान्य केलेल्या निवडीवर बांधणी अडत असेल, तर दोष वापरणाऱ्याचा नसून अट लिहिणाऱ्याचा असतो. असे दोष हुडकण्यासाठी 'मेक रँडकॉन्फिग' ही आज्ञा यादृच्छिक संरचना तयार करते. इंटेलची स्वयंचलित चाचणी-यंत्रणा अशा असंख्य बांधण्या करून संबंधित विकासकांना त्रुटी कळवत असते.

दोष सापडल्यास दुरुस्ती तीनपैकी एका जागी होते. केकॉन्फिगमध्ये राहून गेलेली अट लिहायची, मेकफाइलमध्ये फाइल योग्य पर्यायाशी जोडायची किंवा शीर्ष-फायलीत, पर्याय बंद असताना वापरता येईल असे रिकामे कार्य द्यायचे. दुरुस्तीच्या निवेदनात त्रुटीचा संदेश, ती घडवणारी संरचना आणि ज्या बदलामुळे दोष आला त्याचा उल्लेख अपेक्षित असतो. ती कोणाकडे पाठवायची, हे 'गेट_मेंटेनर' या साधनाने कळते. अशी दुरुस्ती बहुधा एक-दोन ओळींचीच असते. तरीही तीच संरचना निवडणाऱ्या, जगात कुठेही असलेल्या पुढच्या व्यक्तीचे यंत्र त्या ओळींमुळे अडत नाही. नवख्या विद्यार्थ्याला कर्नेलच्या कामात शिरण्यासाठी हा मार्ग सर्वांत जवळचा आहे.